एकट्याची शर्यत

खूप जुन्या काळी एक राज्य होतं. तिथल्या लोकांना रथांच्या शर्यतीचं भारी वेड. पण रथ बाळगायचा, घोडे पोसायचे, हे सगळ्यांना कुठून जमणार? म्हणून राजधानीतल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं एक अजब आरसा बनवला. आरशासमोर लाकडी बैठक आणि हातात लगाम. लगाम खेचला की आरशात आपला रथ धावू लागे. घाट, नदीकाठ, माळरान, हवा तो रस्ता निवडावा. बैठकसुद्धा खऱ्या रथासारखी हादरायची.

असे आरसे घरोघरी पोचले. सुरुवातीला ज्यानं त्यानं आपापल्या घरी एकट्यानंच खेळायचं. समोर आरशातले सावल्यांचे रथ असत. सावल्या पळत छान, पण दर वेळी त्याच जागी वळत आणि त्याच जागी मागे पडत. लोकांना त्यांच्या खोडी पाठ झाल्या. पुढे पुढे तर बऱ्याच घरांत आरशावर ओली धोतरं वाळत पडली.

मग कारागिरानं सगळे आरसे एकमेकांशी जोडले. कसे, ते त्यालाच ठाऊक. आता डोंगरातला कुंभार आणि बंदरावरची कोळीण आरशातल्या एकाच वेशीत, म्हणजे शर्यत सुटे आणि संपे त्या जागी, रथ उभे करू लागले. एकमेकांचा आवाजही त्यांना ऐकू येई.

झालं! राज्यात दुसरा विषयच उरला नाही. संध्याकाळी दुकानं लवकर बंद होऊ लागली. सावली हरली तर तिला त्याचं काहीच वाटत नसे. कुंभार हरला की म्हणे, "उद्या ये, मग बघतो तुला!" आणि दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेआधी हजर. कधीही न भेटलेली माणसं एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करू लागली.

समुद्रातल्या एका बेटावर चिमाबाई नावाची बाई दीपस्तंभ सांभाळत असे. बेटावर दुसरं कुणी नव्हतं. शिधा घेऊन येणारी होडी आली, तरच तिला माणसाचं तोंड दिसायचं. आरसे जोडले गेले त्या दिवशी ती शर्यतीत सगळ्यात शेवटी आली आणि तरीही खूप वेळ हसत बसली.

राजधानीत कान्हदेव नावाचा घोड्यांचा व्यापारी होता. रथ हाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या रथावरचं तांबडं निशाण सगळ्यांच्या ओळखीचं झालं. तो रोज जिंकायचा आणि लोक त्याचं कौतुक करायचे.

एके दिवशी मात्र डोंगरातल्या कुंभारानं त्याला शेवटच्या वळणावर सरळ मागे टाकलं. कान्हदेवाला ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर त्यानं आपला रथ कुंभाराच्या रथावर घातला. कुंभाराचा रथ दरीत गेला. खऱ्या रस्त्यावर कान्हदेवानं असं कधीच केलं नसतं, त्याला घोड्यांची फार माया होती. पण आरशात कुणाचं हाड मोडत नाही, घोडा मरत नाही. दरीत गेलेल्याला फक्त पुन्हा वेशीपासून सुरुवात करावी लागते.

"अहो, जरा जागा ठेवा की!" कुंभार ओरडला.

"शर्यत आहे ही, पंगत नाही," कान्हदेव म्हणाला.

तेव्हापासून त्याला चटकच लागली. पुढे जाणं अवघड दिसलं की तो धक्का मारी. हळूहळू लोक त्याला टाळू लागले. तांबडं निशाण वेशीत दिसलं, की एकेक रथ गुपचूप निघून जाई. त्यानं निशाण बदलून पाहिलं, पण पहिल्याच वळणावर लोकांनी त्याला ओळखलं.

तो चिडून कारागिराकडे गेला. "तुमचा आरसा बिघडलाय. माझ्या वेशीत कुणी येतच नाही."

कारागिरानं आरसा तपासला. "आरसा ठीक आहे," तो म्हणाला. "तुमच्या वेशीत यायचं की नाही, ते ज्याचं तो ठरवतो. त्यात मी काय दुरुस्त करणार?"

शेवटी त्याच्याबरोबर फक्त चिमाबाई उरली. इतर लोक झोपी गेले तरी दिव्यासाठी तिला जागावं लागे, आणि तेवढीच सोबत म्हणून ती धक्के सोसत राही. एकदा ती चुकून त्याच्या पुढे निघाली. त्यानं तिलाही दरीत ढकललं.

चिमाबाई वेशीत परत आली, पण तिनं रथ हाकला नाही. "कान्हदेव," ती म्हणाली, "माझ्या बेटावर पाखरांशिवाय कुणी नाही. म्हणून मी येत होते. पण तुमच्यासोबत पळण्यापेक्षा एकटं बसणं बरं." आणि तिचा रथ दिसेनासा झाला.

पुढे राजानं मोठी शर्यत जाहीर केली. जिंकणाऱ्याच्या मस्तकी राजा स्वतःच्या हातानं फेटा बांधणार होता. दरबारात सगळ्यांना दिसेल असा मोठा आरसा लावला गेला. वेशीत रथांची गर्दी झाली आणि कान्हदेवही तिथं उभा राहिला. नगारा वाजला.

कान्हदेवाचा रथ सुसाट निघाला. बाकीचा एकही रथ हलला नाही.

"हे काय? तुम्ही का थांबलात?" राजानं विचारलं.

आरशातून चिमाबाईचा आवाज आला. "महाराज, त्यांना आधी पहिलं येऊ द्या. मग आम्ही शर्यत लावतो."

कान्हदेव घाट चढला, उतरला, नदीकाठानं दौडत आला. वाटेत ना कुणाची चाकं वाजली, ना कुणाची हाक आली. तो वेशीत पोचला तेव्हा दवंडीवाल्यानं नेमाप्रमाणे पुकारा केला, "पहिला आला कान्हदेव! शेवटचा आला कान्हदेव!"

दरबार हसला. राजानं फेटा तबकातच ठेवला. कान्हदेव मान खाली घालून आपल्या आरशासमोरून उठला.

बरेच दिवस तो सावल्यांशी खेळला. रोज जिंकायचा, पण सांगणार कुणाला? अखेर एका संध्याकाळी त्यानं वेशीत उभं राहून चिमाबाईला हाक मारली. "चुकलो मी, बाई. सगळ्यांच्या मागं राहीन. पण मला पळू द्या."

चिमाबाईनं आधी कुंभाराला विचारलं, कोळणीला विचारलं. मग म्हणाली, "या. पण एकालाही धक्का लागला, तर पुन्हा हाक मारू नका."

त्या दिवशी शेवटच्या वळणावर कुंभाराचा रथ त्याच्या अगदी शेजारी आला. कान्हदेवानं लगाम आवळला आणि वाट दिली. वीतभर अंतरानं तो हरला. आणि कितीतरी दिवसांनी तो मोठ्यानं हसला.

"उद्या या," कुंभार म्हणाला, "मग बघतो तुम्हाला."

तात्पर्य : आपल्याबरोबर धावणारा आहे म्हणून शर्यत आहे, त्याला हरवावं, पण घालवू नये.