दारं धरताना

“आईला सांगा ना बाबा, डोस दुप्पट करायला हरकत काय आहे?”

यासीनबाबा माझ्याशेजारी बसून लावणीसाठी लसणाच्या पाकळ्या निवडत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

विचारणारा डॉक्टर धैर्यशील, आमच्या गावातल्या गजराबाईचा मुलगा. गावाबाहेरच्या या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, बाबांच्याच पायाशी बसून त्यानं पाढे पाठ केले होते. आता पुण्याला दम्यावर संशोधन करतो. पोरगा हुशार, त्यात वादच नाही. फक्त ते त्याला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं.

गजराबाईला बारा वर्षांचा दमा. नेहमीचा फवारा चालू होताच, त्याच्या जोडीला लेकानं सहा महिने दुधातून एक पावडर दिली. गुण शून्य. परवा विहिरीपर्यंत जाताना बाई वाटेत दोनदा खाली बसली, ते मीच पाहिलं. आता लेक म्हणतो पावडर वाढव, आणि ती म्हणते नको. बाबांचा शब्द ती मोडत नाही, म्हणून लेकाची स्वारी सकाळच्या एसटीनं थेट तकियात.

“पावडर कसली?” बाबांनी विचारलं.

धैर्यशीलनं खुशीत समजावलं. डाळ, शेंगदाणे खाल्ले की त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणायचं. त्यातलंच एक आर्जिनीन. शरीर त्यापासून एक वायू बनवतं आणि त्या वायूनं श्वासाच्या नळ्या सैल पडतात. दम्यात हा माल अपुरा पडतो. म्हणून बाहेरून द्यायचा. साधा हिशोब, असं दोनदा म्हणाला.

“ती काय म्हणते?”

“फुंकायच्या यंत्रावर आकडा अजून तिथंच आहे. पण डोस वाढवला की...”

“हं,” बाबा म्हणाले.

निवडलेला लसूण त्यांनी पाटीत भरला.

“जरा दारं धरतोस का? मेथी सुकायला लागलीय.”

पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचं, त्याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. मातीनं एक तोंड बुजवायचं, दुसरं फोडायचं. धैर्यशीलनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली, खोरं घेतलं आणि मेथीच्या वाफ्याचं तोंड उघडून ऐटीत उभा राहिला. तकियाचं पाणी मीच बघतो, मी मोटर चालू केली.

पाणी काही येईना.

बोटाएवढी धार आली आणि मातीतच जिरली. तिथूनच तो मला म्हणाला, काका, कॉक पुरता सोडा. मी सोडला. विहिरीपाशी पाट काठोकाठ भरला. मेथी कोरडी ती कोरडीच.

खरं सांगायचं तर घोळ मला दिसत होता. पण बाबांनी डोळ्यांनीच गप्प बसवलं. आणि मजा मलाही येत होतीच, खोटं कशाला बोलू?

शेवटी वैतागून तो पाटाच्या कडेनं उलटा चालत आला. निम्म्या वाटेवर थबकला.

तकियाची पूर्वेकडची भिंत पडली होती. ती उभी करायला गवंड्यांनी पाटालगत चिखलाचा खड्डा काढला होता, आणि खड्ड्यासाठी पाटाला एक दार फोडलं होतं. सगळं पाणी तिकडं. खड्डा भरून चिखल बाहेर वाहत होता.



“मी पाणी वाढवलं,” तो हळू म्हणाला, “आणि चिखल वाढला.”

त्यानं खोरं टाकलं आणि बाबांकडं वळला.

“शरीरातही असं दुसरं दार असतं, बाबा. एक विकर असतं, एन्झाइम. ते हेच आर्जिनीन ओढून घेतं. त्यातून नळ्यांच्या भिंतींना माल जातो, भिंती जाड होतात, ताठरतात. आईला मी जे देत होतो, ते कदाचित...”

मला पोराची दया आली.

“हे मला पाठ होतं. मी छापलंसुद्धा आहे.”

“मग बरंय की,” बाबा म्हणाले.

पण दोन मिनिटांत गडी पुन्हा पेटला. हे दुसरं दारच कायमचं बंद करायचं, त्याचं औषध शोधायचं, असं म्हणत तो खड्ड्याच्या तोंडात दगड रचायला लागला. वर चिखल थापला. चांगला बांधच घातला म्हणा ना.

बाबा उठले. पडक्या भिंतीपाशी गेले आणि भगदाडातून पलीकडं जाऊन त्याच्याकडं बघत राहिले. तेवढ्यात रस्त्यावरची एक शेळी त्यांच्या शेजारून आत शिरली आणि सरळ मेथीकडं निघाली.

मला हसू आवरेना. धैर्यशीललाही आवरेना. “भिंतीलाही पाणी लागतंच की,” तो म्हणाला. शेळी हाकलून तो परत आला, दगड काढले, आणि खड्ड्याकडं दोन बोटं पाणी जाईल एवढंच तोंड ठेवलं. बाकीचं पाणी मेथीत पोचलं. आम्ही तिघंही वाफा भिजताना बघत बसलो. फार बरं वाटलं. घाई कुणालाच नव्हती.

मग त्यानं पाटातच हातपाय धुतले. चेहरा उतरला होता, आणि सकाळचा ताठाही नव्हता.

“पावडर बंद करतो. उद्या तिला पुण्याला नेतो, नीट तपासतो,” तो म्हणाला. मग थांबला. “पण बाबा... सहा महिने ती माझ्या शब्दावर मुकाट्यानं पीत होती. आता घरी जाऊन तिला सांगू काय?”

बाबांनी लसणाची पाटी त्याच्या हातात दिली.

“सांगू नको. ती काय म्हणते ते विचार.”