रिकाम्या वाफ्याचं पहिलं पाणी

बेलखेडच्या राणीच्या बागेत, बँडच्या चौथऱ्यासमोर दोन वाफे आहेत. एकात गुलाब आहेत, दुसऱ्यात काहीच उगवत नाही. तरी माळी पाणी सोडतो ते आधी रिकाम्या वाफ्यात. पाहुणे हसतात, मग त्यांना ही हकीकत सांगावी लागते.

गोऱ्या साहेबाने राणीच्या नावाने बाग केली, तेव्हा हे वाफे दोघी जावांकडे होते, असे सांगतात. थोरली ठकूबाई, धाकटी हौसा. बागेची पहिली माती ठकूबाईने डोक्यावरून वाहिलेली. हौसा मागाहून आली. पण रविवारी बँड ऐकायला आलेली माणसं थांबायची ती हौसाच्या गुलाबांपाशी. "ठकूबाई, धाकटीकडून शिका की थोडं!" असं कुणी तरी म्हणालं म्हणे. तेव्हापासून हौसाच्या बांगड्यांचा आवाजही ठकूबाईला सोसेना.

पुढे फुलांचं प्रदर्शन ठरलं. जिचा वाफा पहिला येईल, तिच्या नावाची पाटी तिथं लागणार होती. दोन्ही वाफ्यांना पाणी एकाच हौदाचं. सकाळची पाळी थोरलीची, दुपारची धाकटीची. प्रदर्शनाआधी एका दुपारी हौसा भाकरी खात असताना ठकूबाईने हौदात टोपल्या भरभरून खडेमीठ ओतलं आणि झाडाआड उभी राहिली.

हौसा आली. तिने पाणी सोडलं ते थेट ठकूबाईच्या वाफ्यात.

"अगं, माझ्या वाफ्यात कशाला?" ठकूबाई धावत पुढे आली.

"रोजच सोडते, जाऊबाई. घरात थोरलीचं ताट आधी वाढतो ना आपण?"

खरं बोलावं तर ठकूबाईचं पाप उघडं पडणार. तिचे गुलाब मीठ पीत राहिले. मग हौसाने खोरं उचलून पाणी आपल्या वाफ्याकडे वळवायला घेतलं, तशी ठकूबाई ओरडली, "थांब! मीठ आहे त्यात. मीच टाकलंय."

हौसाचे गुलाब वाचले, पाटीही तिचीच लागली. झालेली गोष्ट तिने साहेबाला सांगितली नाही. उलट जळालेल्या वाफ्याला ती जन्मभर आधी पाणी देत राहिली. ठकूबाईचा हेवा मात्र गेला नाही, म्हणे. आधी तिला हौसाच्या गुलाबांचा हेवा होता, आता तिच्या मनाचा वाटू लागला.

हौसाची पाटी केव्हाच कुजून गेली. तिच्या वाफ्याला आता नुसता गुलाबांचा वाफा म्हणतात. रिकाम्या वाफ्याला मात्र आजही सारं बेलखेड ठकूबाईचा वाफा म्हणतं, आणि आजही पहिलं पाणी त्याचंच असतं.