तळ्याचा श्वास

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, फार फार पूर्वी डोंगराच्या कुशीत एक तळं होतं. काठच्या भोयांच्या चुली त्या तळ्यातल्या माशांवर पेटायच्या. तळ्याच्या देवीची पुजारीण होती चिंधाबाई. तिनेच एक रीत पाडली होती. दर पौर्णिमेला घराघरातून कणकेचे गोळे आणायचे आणि देवीच्या नावाने माशांना चारायचे.

एका उन्हाळ्यात तळं आटलं आणि मासे मरून वर येऊ लागले. चिंधाबाई म्हणाली, "देवी कोपली, दुप्पट गोळे टाका." गोळे दुप्पट झाले, मेलेले मासेही वाढले. शेवटी भोयांचा म्होरक्या गेनू देवळात आला. "बाई, पोटाला काही उरलं नाही. या पौर्णिमेनंतर आम्ही गाव सोडतोय."

गोळे वाढले तसं मरणही वाढलं, हे चिंधाबाईला आता खटकलं. दुसरी एखादी असती तर नवस बोलून मोकळी झाली असती. पण ही बाई वेगळीच. तिने दोन माठ तळ्याच्या पाण्याने भरले, दोन्हींत मासे सोडले आणि एकातच कणकेचा गोळा टाकला. गोळा कुजला, पाणी आंबूस झालं, आणि त्यातले मासे वर येऊन आ वासू लागले. दुसऱ्या माठातले मजेत होते.

"अगं बाई, हे तर गुदमरतायत," ती पुटपुटली. तिने तेच पाणी तांब्याने उंचावरून पुन्हा पुन्हा ओतलं. तसे मासे तरतरीत झाले. तेव्हा तिला उमगलं. पाण्यातही हवा असते, मासे तीच घेतात, आणि अन्न कुजताना ती हवा संपते.

पौर्णिमेला गाव टोपल्या घेऊन जमलं. तिने माठ सगळ्यांपुढे मांडले, सगळं दाखवलं आणि म्हणाली, "देवी कोपलेली नाही. मासे माझ्या रीतीने मेले."

"बाई, देवीची रीत तुम्हीच मोडणार?" गेनूने विचारलं.

"मोडते. तिचीच लेकरं गुदमरतायत ना, बाबा."

केवढं धाडस ते! मग एका म्हातारीने आपले गोळे गुरांपुढे टाकले आणि बाकीचे तिच्यामागून गेले.

पावसाळ्यानंतर तळ्यात पिल्लं दिसू लागली. भोई गावातच राहिले. चिंधाबाईला कुणी विचारलं, देवी पावली का, तर ती म्हणायची, "पावली की. डोकं तिने आधीच दिलं होतं, मीच ते उशिरा वापरलं."

तात्पर्य: ज्याचं भलं करायचं, तो जगतो कशावर हे आधी समजून घ्यावं.