भरमू हेळव्याचा हात

हे समोर दिसतं ते कुंभारतळं. याला दोन घाट आहेत. मावळतीचा घाट आमचा, म्हणजे करंजदऱ्याचा, उगवतीचा वाकोळीचा. दोन गावांच्या मधोमध तळं, पण शिवेचा दगड कुठेच नाही. तुमच्यासारखी इतिहास शिकणारी मुलं वह्या घेऊन येतात, तळ्याभोवती दोन चकरा मारतात आणि शेवटी माझ्या आव्यापाशी, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीपाशी, येऊन विचारतात, "आजोबा, शीव नेमकी कुठून जाते?" मी केराप्पा कुंभार, वय त्र्याऐंशी. मी आधी पाणी देतो, मग ही हकीकत सांगतो. मधे प्रश्न विचारू नका. दम लागतो मला, आणि रागही येतो.

इंग्रज यायच्या आधीची गोष्ट, असं सांगतात. त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पावसानं तोंड फिरवलं होतं. दोन्ही गावच्या विहिरी आटल्या आणि पाणी उरलं ते एवढ्या तळ्यात. वाकोळीकर म्हणू लागले, शीव तळ्याच्या मावळतीनं जाते, तेव्हा तळं आमचं. करंजदरेकर म्हणाले, शीव उगवतीच्या काठानं जाते, तळं आमचं. घागरी फुटल्या, मग डोकी फुटली. अखेर आसपासच्या सात गावांचं गोत, म्हणजे जाणत्यांची पंचायत, न्याय करायला तळ्याकाठी बसलं. गोताचे म्होरके होते तवनाप्पा पाटील. तिसऱ्याच गावचे, दोन्हीकडे सोयरीक नसलेले.

पुरावा मागितल्यावर वाकोळीकडे नुसता आरडाओरडा होता. आमच्याकडे मात्र एक ओळ होती.

ओळ कुठून आली, तर हेळव्याकडून. हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारा. तो बैलावर बसून गावोगाव फिरतो, दारात बैल उभा करतो आणि त्या घराच्या पिढ्या एकामागून एक तोंडपाठ म्हणून दाखवतो. घरचे लोक त्याला सूपभर धान्य घालतात. आमच्या घरांत कागद नव्हते. हेळवी हाच आमचा कागद. तो बैलावर बसून बोलला की ते ब्रह्मवाक्य, अशी या मुलखाची श्रद्धा. तेव्हाचा हेळवी भरमू. साठीचा, एका पायानं अधू. कुंभाराच्या दारी तो म्हणायचा:

मल्ला कुंभार उगवतीच्या काठी
पुरली घागर शिवेच्यासाठी.

म्हणजे कुंभारांच्या कुणा मूळपुरुषानं शिवेची खूण म्हणून उगवतीच्या काठी घागर पुरली होती. गावात पोराटोरांना ही ओळ पाठ होती. तुम्ही म्हणाल, मग खणून घागर काढायची आणि मोकळं व्हायचं! पण शिवेची घागर उकरणाऱ्याचा वंश बुडतो असं लोक मानत. दोन्ही गावांत कुदळ उचलायची कुणाची छाती नव्हती.

तेव्हा तवनाप्पांनी दिव्य सांगितलं. ज्याच्या घराण्याची ओळ, त्यानं उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. हात भाजला नाही तर ओळ खरी. भाजला तर तळं वाकोळीचं.

कुंभाराच्या घरी तेव्हा कर्ता पुरुष एकच, सत्याप्पा. पंचविशीचा गडी. त्याच्या हाताचं काय सांगू? त्यानं चाकावर ओढलेल्या मडक्याला वाजवलं की देवळातल्या घंटेसारखा आवाज यायचा म्हणे. कुंभाराचा हात गेला की कुंभार गेला. पण सत्याप्पा जराही कचरला नाही. त्याला ती ओळ म्हणजे देवाचा शब्द होता. आमच्या गावच्या पाटलांच्या घराण्यात लढाया होत्या, गुरवांच्या घराण्यात दृष्टान्त होते, आणि कुंभारांकडे ही एवढी एकच गोष्ट होती. ती तो छाती फुगवून सांगायचा.

दिव्याच्या दिवशी सकाळीच चूल पेटली. कढईत तेल ओतलं. सत्याप्पाची नखं काढली, हात धुतले, सगळ्या गोताला उलटसुलट करून दाखवले, त्यावर आधीची जखम नाही याची खात्री केली. साक्षीदार म्हणून भरमू बैलावर बसून होता. सत्याप्पाची बायको गौराक्का गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेली. तिनं बैलाच्या वेसणीला हात घातला.

"बाबा, ती वळ खरी हाय न्हवं?"

भरमू म्हणाला, "हूं."

"तसं न्हाई. माझ्याकडं बघून सांगा."

भरमूनं बैलाच्या मानेवर हात फिरवला. तिच्याकडे बघितलं नाही. तेवढ्यात कुणीतरी तिला मागे ओढलं.

गोताची रीत अशी, की तुकडा तेलात सोडण्याआधी म्होरक्यानं तीनदा विचारायचं, कुणाला काही बोलायचं आहे का. तुकडा पडला की मग कुणाचीही साक्ष चालत नाही. तवनाप्पांनी पहिल्यांदा विचारलं. तेलावर धूर धरायला लागला होता. दुसऱ्यांदा विचारलं. कुणीतरी खोकलं, तेवढंच. सत्याप्पानं बाही वर केली. तिसऱ्यांदा विचारायला तवनाप्पांनी तोंड उघडलं आणि भरमू बैलावरून खाली उतरला.

उतरला म्हणजे पडलाच म्हणा. हेळव्यानं चारचौघांत कधी पाय टेकला नव्हता, त्यामुळे आधी लोकांना वाटलं त्याला घेरी आली. तो अधू पाय ओढत कढईपर्यंत आला आणि म्हणाला, "ही वळ माझी हाय. म्याच जुळवली."

मग त्यानं सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांमागे त्याचा पाय मोडला, तेव्हा सत्याप्पाच्या बापानं त्याला चार महिने घरात ठेवून घेतलं. आपल्या ताटातलं वाढलं, पाय शेकला. त्याच घरात सत्याप्पा जन्मला. बारशाला सगळ्या गावासमोर वंशावळ म्हणायची वेळ आली, आणि कुंभारांच्या वाट्याला नुसती नावं. तीही दोनच, बापाचं आणि आज्याचं. एक पराक्रम नाही, एक दान नाही. उपकार फेडायला त्याच्याकडे दुसरं काय होतं? त्यानं एक पूर्वज दिला. मल्ला कुंभार नावाचा कुणी माणूस कुणी पाहिला नव्हता, कुणाकडून ऐकलाही नव्हता. भरमूनं यमक जुळवलं आणि लोकांच्या तोंडी बसलं. खोटं यमकात असलं की फार लवकर पाठ होतं, पोरांनो, हे तेवढं वहीत लिहा.

तुम्हाला वाटेल, सत्याप्पानं त्याचे पाय धरले असतील. हात वाचला ना त्याचा! पण तसं झालं नाही. सत्याप्पा पांढराफटक पडला आणि मग त्याला असा संताप चढला की चौघांना आवरेना.

"वाकोळीचं दाणं खाल्लंस तू! माझा मल्लाप्पा खोटा म्हनतोस? बाजूला हो. तेलच सांगंल काय ते!"

आणि तो कढईकडे झेपावला. मी पुष्कळदा याचा विचार करतो. हात जाईल याची भीती त्याला नव्हती. आपल्यामागे कुणीच नव्हतं, ही भीती त्याला होती. माणूस असा असतो. जे आपल्याला मोठं करतं त्याला पुरावा लागत नाही, आणि ते कुणी काढून घेऊ लागला की आपण त्याच्या जिवावर उठतो.

चौघांच्या हातून सत्याप्पा सुटला. कढई दोन पावलांवर राहिली. भरमूला त्याला अडवता येईना, तो अधू माणूस. तेव्हा त्यानं ती ओळ मोठ्यानं म्हटली, मल्ला कुंभार उगवतीच्या काठी, अगदी सुरात, आणि स्वतःचा उजवा हात कोपरापर्यंत तेलात घातला.

तेलाचा तो चरचराट सात गावांचे लोक जन्मभर विसरले नाहीत, असं सांगतात. सत्याप्पा जागच्या जागी बसला. गौराक्कानं पदर फाडून भरमूचा हात गुंडाळला. वाकोळीकर ओरडू लागले, "भाजला! वळ खोटी! भरमू खोटा!"

तवनाप्पांनी काठी आपटली. "खोटी हाय हे त्यानंच तोंडानं सांगितलं, तवा तुमी गप हुता. आता सांगा, आज हितं खरं बोलला कोन?"

दिव्य सत्याप्पाचं होतं आणि तुकडा तेलात पडायच्या आधीच ते मोडलं, म्हणून तळं वाकोळीचंही ठरलं नाही. मला विचाराल तर तेलाला काही कळत नाही. सत्याप्पाचा हातही तसाच भाजला असता, तुमचाही भाजेल. ओळ खोटी होती हे भरमूच्या जबाबानं ठरलं, तेलानं नव्हे. पण लोकांना तेलाची भाषा समजत होती, म्हणून त्यानं तेलातून सांगितलं.

आता घागरच नाही म्हटल्यावर ती उकरल्याचं पापही नाही. तवनाप्पांनी कुदळी मागवल्या. जुन्या काळी शिवेखाली कोळसा पुरायचे, कारण लाकूड कुजतं, कोळसा कुजत नाही. आधी उगवतीचा काठ खणला. कमरेएवढ्या खोलीवर कोळसा लागला! आमच्या गावानं जल्लोष केला. गुलाल आणायला माणूसही धावला. तवनाप्पांनी त्यातला मूठभर कोळसा हातात घेतला आणि थेट सत्याप्पासमोर धरला. विस्तवाची पारख कुंभाराइतकी कुणाला असणार? पण तो करंजदऱ्याचा होता. नुसतं "होय" म्हणाला असता तर तळं गावाला मिळत होतं, आणि उन्हाळा पुढे उभा होता.

सत्याप्पानं कोळसा बोटांत चुरला. त्यातले खापराचे तुकडे वेगळे काढले, राख जिभेला लावून पाहिली. सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं. आमच्या गावच्या पाटलांनी डोळ्यानं खूणही केली म्हणे. सत्याप्पानं मान वळवून झाडाखाली कण्हत पडलेल्या भरमूकडे पाहिलं.

"शिवंचा कोळसा निवडून भरत्यात," तो म्हणाला. "ह्यात राख हाय, खापरी हाय. हा आव्याचा कचरा. आवा कुनाचा, ते खापरी सांगत न्हाई."

गुलाल वाटेतच राहिला. आता वाकोळीकर नाचू लागले. मावळतीचा काठ खणला, तिथेही कोळसा. पुन्हा सत्याप्पाच्या हातात दिला. त्यात त्याला मेंढराची जळकी हाडं सापडली. कुणा धनगरांची जुनी चूल होती ती. शीव तिथेही नव्हती.

"मग शीव हाय तरी कुठं?" तवनाप्पांनी विचारलं.

"ठाऊक न्हाई," सत्याप्पा म्हणाला.

गोतासमोर आजवर कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. तिथे जो तो ठासून सांगायलाच येई. मग तवनाप्पांनी निवाडा दिला. शीव कुणाला ठाऊक नाही, म्हणून तळं दोघांचं. दोन घाट बांधा, एक दिवस यांनी भरावं, एक दिवस त्यांनी. त्या उन्हाळ्यात पाणी कसंबसं पुरलं, पण पुरलं.

भरमूचं मात्र वाईट झालं. पुढल्या सुगीला तो आला, उजवा हात वाळक्या फांदीसारखा बैलाच्या पाठीवर टाकून. एकही दार उघडलं नाही. एक ओळ खोटी निघाली, मग बाकीच्या कशावरून खऱ्या? लोकांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो सगळी आळी फिरून परत निघाला, तेव्हा कुंभाराच्या अंगणातून हाक आली. वर्षभर सत्याप्पा त्याचं नावसुद्धा घेत नव्हता.

"हेळवीबाबा, खाली उतरा. आनि ठाऊक हाय तेवढंच सांगा."

भरमू उतरला. जमिनीवर उभं राहून त्यानं सत्याप्पाच्या बापाचं नाव घेतलं, "ह्याला म्या बघितलं." आज्याचं नाव घेतलं, "ह्येचं माझ्या बापानं सांगितलं, त्यानं बघितलं हुतं." आणि तो थांबला.

"त्याच्या म्होरं?"

"ठाऊक न्हाई, लेकरा."

दोन नावांची वंशावळ. पण गौराक्कानं सूप काठोकाठ भरून घातलं आणि सत्याप्पा ढसाढसा रडला. दारांच्या फटींतून गाव हे बघत होतं. हळूहळू एकेक दार उघडलं. प्रत्येक घराची वंशावळ त्या दिवशी आखूड झाली. पाटलांच्या तीन लढाया गेल्या.

आजही सुगी झाली की हेळवी येतो, आणि आमच्या गावात तो बैलावरून उतरून बोलतो. प्रत्येक नावाला कुणी पाहिलं, कुणी सांगितलं ते म्हणतो, आणि जिथे ठाऊक नाही तिथे थांबतो. तिथे सगळं घर त्याच्याबरोबर म्हणतं, "ठाऊक न्हाई." गेल्या साली माझ्या नातवाचं बारसं झालं. व्याही शहरातले, त्यांनी कुठूनतरी छापील पुस्तक आणलं होतं. त्यात आमचं मूळ थेट राजघराण्याला नेऊन भिडवलं होतं, सोनेरी अक्षरांत. हेळव्यानं मागे जात जात सत्याप्पाच्या आज्यापर्यंत अकरा नावं घेतली आणि थांबला. व्याही हसून म्हणाले, "एवढीच?"

मी म्हटलं, "एवढीच. पण ही अकराच्या अकरा माणसं होऊन गेली."