टिटवीने विचारायचा प्रश्न

जंगल संपून जिथे माळ सुरू होतो, तिथल्या एका तळ्याच्या काठी एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी मुळातच घाबरट. पान पडलं तरी दचकायची, आणि दचकली की ओरडायची. म्हणूनच बांधावरची राखण पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घराण्याकडे होती. नवा कुणी आला की त्याला बांधावर थांबवायचं, एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पटलं नाही तर ओरडून सगळं तळं गोळा करायचं, एवढंच काम.

प्रश्न मात्र कायम एकच नव्हता. टिटवीच्या पणजीच्या काळी तळं मोठं आणि राहणारे मोजके. पणजी विचारायची, "जेवलात का?" आणि उत्तराची वाट न पाहता जागा दाखवायची. बदकं आली, कासवं आली, बगळ्यांची अख्खी बिऱ्हाडं आली. आजीच्या काळात दाटी झाली, तेव्हा कामाचे असतील तेवढेच घ्यायचे असं ठरलं. आजी विचारू लागली, "काय येतं?" पुढे एका दुष्काळात पाणी आटलं, मासे कमी झाले आणि आईच्या तोंडी नवा प्रश्न आला, "इथे तुमचं कोण आहे?" मग काय, येणारा प्रत्येक जण कुणाचा ना कुणाचा मावसभाऊ निघायला लागला. शेवटी बगळ्यांनी वैतागून ठरवलं की आता "कशाला आलात?" एवढंच विचारायचं, आणि तेही असे डोळे वटारून की समोरच्याने तोंड उघडायच्या आत माघारी फिरावं. आपल्या टिटवीच्या वाट्याला आला तो हा प्रश्न. तो विचारताना तिचीच छाती धडधडायची. पण आत कुणी येत नाही म्हणून बरंही वाटायचं.

हळूहळू नवं कुणी फिरकेनासं झालं. तरणी बदकं दुसऱ्या पाण्यावर उडून गेली. पाणी घुसळायला कुणी उरलं नाही, तशी जलपर्णी या काठापासून त्या काठापर्यंत पसरली. त्याच उन्हाळ्यात टिटवीने बांधाखालच्या खडीत अंडी घातली. दुपारी खडी तापते, म्हणून टिटव्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. पण पाणी दिसेल तर शपथ. टिटवी जलपर्णीवर उतरायची, पाय अडकायचे, चोच तेवढी ओली व्हायची आणि पोट कोरडंच राहायचं. अंडी दिवसेंदिवस जास्तच तापत होती. तिने बगळेकाकांना सांगून पाहिलं. "अगं, तळं कसं हिरवंगार दिसतंय," ते म्हणाले. "तुला प्रत्येक गोष्टीत भीती."

एका सकाळी तीन जांभळ्या पाणकोंबड्या बांधावर येऊन टेकल्या. पिसं विस्कटलेली, पाय चिखलाने भरलेले. टिटवी दचकली, दोन पावलं मागे सरली, आणि मग आठवण होऊन तिने डोळे वटारले. "कशाला आलात?"

"राहायला," थोरली पाणकोंबडी म्हणाली. "आमचं पाणी बुजवून टाकलं."

आजवर या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं हे टिटवीला कुणी शिकवलं नव्हतं. ओरडायला चोच उघडली आणि ओरडावं की नाही हे न कळून पुन्हा मिटली. तेवढ्यात बांधावर अनोळखी पाहुणे दिसले म्हणून सगळे जमले. राहायला येणं हे काही कारण होत नाही, असं बगळेकाकांनी तास न्‌ तास समजावून सांगितलं. कासवआजीने मान बाहेर काढून विचारलं, "मग तुझे आजोबा काय हवा खायला आले होते?" त्यावर वाद आणखी पेटला.

तोवर उपाशी पाणकोंबड्यांनी समोरची जलपर्णी उपटून तिचे पांढरे देठ खायला सुरुवात केली होती. आधी ताटाएवढं पाणी उघडं पडलं, मग सुपाएवढं. सूर्य डोक्यावर आला. टिटवीने एकदा अंड्यांकडे पाहिलं, एकदा त्या परक्यांकडे, आणि जीव मुठीत धरून ती त्यांच्या मधोमध उतरली. थोरलीने सरकून जागा दिली. "इकडे ये गं, इकडे खोल आहे." टिटवीने पोट चिंब भिजवलं आणि धावत जाऊन अंड्यांवर बसली. बगळेकाकांना मोकळ्या पाण्यात एक मासा चमकताना दिसला आणि त्यांचं भाषण तिथेच थांबलं.

संध्याकाळी सगळे नवा प्रश्न ठरवायला बसले. प्रश्नच नको, असं कासवआजीचं म्हणणं. पण टिटवी म्हणाली, "विचारल्याशिवाय मला झोप नाही लागायची. फक्त उत्तर देता येईल असं काहीतरी द्या." मग "किती जण आहात?" हा प्रश्न ठरला, म्हणजे तेवढी जागा काढता येईल.

अंडी फुटली, पिल्लं मोठी झाली. तळ्याला पुन्हा पाण्याचा रंग आला. काही पावसाळ्यांनंतर दमलेल्या बदकांची एक रांग बांधावर उतरली. थोरली पाणकोंबडी लगबगीने टिटवीजवळ आली आणि कानाशी लागली, "नीट विचारून घे हो. हल्ली कुणीही उठून येतं."

टिटवीला हसू फुटलं. दचकायचंही राहून गेलं. बदकांकडे वळून तिने विचारलं, "किती जण आहात?" आणि शेवटचं पिल्लू मोजून होईपर्यंत ती थांबली.

तात्पर्य : नव्याने येणाऱ्याला काय विचारायचं हे काळाप्रमाणे बदलावं लागतं, विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबणं मात्र कोणत्याही काळात सोडू नये.