बिजलीचा दाखला

सन २०१७. दिवाळीचा पाडवा, थंडीची नुकती सुरुवात. आणि गगनवाडीच्या राजवाड्यात म्हशीचा फोटो काही केल्या दाखल्यात जाईना!

संस्थान केव्हाच गेलं होतं. राजेसाहेब राहिले होते. त्यांचा हट्ट राहिला होता आणि नदीकाठचं हिरवंगार कुरणही. दर पाडव्याला गावात नटवलेल्या म्हशींची मिरवणूक निघे. पहिल्या नंबरच्या म्हशीला वर्षभर ते कुरण मोकळं. त्यासाठी राजवाडा दाखला देई. दाखल्यात म्हशीचा फोटो हवाच. तो नसेल तर राखणदार फाटक उघडत नसे.

यंदा पहिली आली कस्तुरी गवळणीची बिजली. कस्तुरीच्या घरात दुभती तेवढी एकच, आणि वैरण संपत आलेली.

पण वसुबारसेला दिवाणजी मिराश्यांनी संगणकाला नवं अपडेट घातलं होतं. तेव्हापासून दाखल्यात फोटो घातला की रिकामी चौकट येई आणि चौकटीत तांबडी फुली.

"सरकार, फोटो वेगळा छापतो. दाखला वेगळा छापतो. दोघं एकत्र येत नाहीत," दिवाणजी म्हणाले.

"भांडलेत का? दुरुस्तीवाल्याला बोलवा!"

"भाऊबीज करून येतो म्हणाला."

कस्तुरी पुढं झाली. "मग डिंकानं चिकटवा की, सरकार!"

"गेल्या वर्षी चिकटवला होता," राजेसाहेब गरजले. "लोकांनी फोटो बदलून बदलून गावभरच्या म्हशी आमच्या कुरणात चारल्या! एकाच कागदावर दोन्ही छापलेलं पाहिजे. आमच्याच संगणकातून. दिवेलागणीच्या आत. नाहीतर मान दुसऱ्या नंबरला!"

दुसरा नंबर राजेसाहेबांच्याच म्हशीचा होता.

"हे बरं हाय!" कस्तुरी म्हणाली. "आणि जमलं तर?"

"जमलं तर माग काय हवं ते."

"जास्त न्हाई मागत. गेल्या पाडव्याला जीपचा हॉर्न बिघडला म्हणून बिजलीची घुंगरमाळ उसनी नेलीसा. ती तेवढी द्या."

राजेसाहेब खोकले. माळ अजून जीपलाच होती.

"दिवाणजी, तुमचा तो फुलीवाला दाखला द्या," कस्तुरी म्हणाली.

दाखला घेऊन ती अंगणात गेली. दोन भोकं पाडली, सुतळी ओवली आणि दाखला बिजलीच्या गळ्यात अडकवला.

"काका, आता मोबाइलवर फोटो काढा. अक्षरं नीट दिसू द्या!"

दिवाणजींनी मोबाइल रोखला. बिजलीनं मान वळवली आणि दाखल्याचा कोपरा तोंडात धरला.

"अगं, खातेय ती!"

"मग लवकर काढा की!"

फोटो निघाला. नुसता फोटो संगणक मुकाट छापत होता. कागद बाहेर आला. त्यावर बिजली होती. बिजलीच्या गळ्यात दाखला होता. दाखल्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

राजेसाहेबांनी कागद उलटासुलटा पाहिला. "मी दाखल्यात फोटो मागितला. तू फोटोत दाखला आणलास!"

"तुम्ही एका कागदावर दोन्ही मागितलं, सरकार. कुणी कुणाच्या पोटात जायचं, ते ठरलं नव्हतं."

दिवाणजींनी हसू गिळलं. राजेसाहेबांनी मात्र हट्ट सोडला नाही.

"म्हशी सगळ्या काळ्या. हाच कागद दाखवून तू भलतीच म्हैस आत नेलीस तर? राखणदारानं ओळखायचं कसं?"

"सोपं हाय. कागद म्हशीच्या तोंडापुढं धरायचा. खाईल ती आमची!"

"बघूच!" म्हणत राजेसाहेब अंगणात आले आणि तिथंच बांधलेल्या आपल्या म्हशीपुढं त्यांनी आधी कागद धरला. तिनं हुंगला आणि फुर्रकन नाक शिंकरलं. राजेसाहेबांचा नवा कोट भिजला. मग त्यांनी कागद बिजलीपुढं धरला. बिजलीनं तो दोन घासांत संपवला आणि आणखी हवा म्हणून राजेसाहेबांच्या फेट्याचा शेमला ओढला.

राजेसाहेब आधी दचकले. मग असे हसले, असे हसले की फेटा सुटून खाली आला!

"ओळख पटली! दिवाणजी, दुसरी प्रत छापा. दोन छापा, एक हिच्या नाश्त्याला! आणि लिहा, कुरण दोन वर्षं मोकळं!"

बिनफेट्याचेच ते जीपपाशी गेले. घुंगरमाळ स्वतःच्या हातानं सोडली आणि बिजलीच्या गळ्यात बांधली.