भर दुपारच्या दिव्याची कहाणी

ऐका, भर दुपारच्या दिव्या, तुझी कहाणी. एक होतं आटपाट नगर. तिथं तुळाजी नावाचा कासार होता, बायकोचं नाव येसू. एकदा बांगड्यांची गाडी घाटात उलटली, सगळ्या मालाचा चुरा झाला. सावकाराचं देणं डोक्यावर बसलं. मग त्याचं व्याज फेडायला वाण्याकडून काढलं. मग वाण्याचं व्याज फेडायला तेल्याकडून काढलं. याची टोपी त्याच्या डोक्यावर, दुसरं काय! घरात विकायला भांडं उरलं नाही, आणि देणं सात जन्मांत फिटेना.

सावकार आला, तुळाजी कणगीत लपला. वाणी आला, माळ्यावर लपला. तेली आला, गवताखाली लपला. येसूनं दारात उभं राहून म्हणावं, "घरात नाहीत हो." बायांनो, कर्ज काढताना लाज वाटत नाही, लाज वाटते ती दार उघडताना!

एके दिवशी तुळाजीनं गाठोडं बांधलं. म्हणाला, "मी परागंदा होतो. तू माहेरी जा." येसूला रडू कोसळलं.

तोच एक म्हातारी दारी आली. "बाई बाई, का रडतेस?" येसूनं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "वसा सांगते, तो घ्या."

"त्यानं काय होतं?"

"गेलेलं परत येत नाही. पण नवरा गाव सोडत नाही, आणि झोप लागते."

"तो वसा कसा करावा?"

"पळू नये, लपू नये, नवं काढून जुनं फेडू नये. भर दुपारी दारात दिवा लावावा. धंद्याची बैठक उलटी घालावी, म्हणजे दिवाळं निघालं हे गावाला कळतं. पंच बोलवावे, असेल ते पुढं ठेवावं, म्हणावं, देणं आहे, देववत नाही. एकही देणं झाकू नये."

पहिल्या दिवशी तुळाजीनं दिवा लावला, तो दाराआड. कुणाला दिसला नाही, विझून गेला. दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर लावला. पंच जमले. त्यानं तीन देणी सांगितली, चौथं गिळलं. विधवा बहिणीच्या पाटल्या घेऊन मोडल्या होत्या. मनात म्हणाला, घरचं देणं, ते काय मोजायचं! वारा नाही, वावटळ नाही, दिवा विझला. पंच उठून गेले.

येसू कडाडली, "ज्यांचं भय वाटतं त्यांची नावं घेतलीत. जिचं वाटत नाही, तिचं बुडवता?"

तुळाजी खजील झाला. तिसऱ्या दिवशी बहिणीला हात धरून आणलं, पंचांत बसवलं. दिवा लावला, चार देणी सांगितली. दिवा तेवत राहिला. पुढं ठेवायला एक खाट, मोडकी गाडी आणि बांगड्यांची रिकामी पेटी. पंच म्हणाले, "खाट-गाडी विकून चौघांत वाटा, पहिला वाटा बहिणीचा. उरलं ते सोडा. पेटी त्याची त्याला राहू द्या, पोट भरेल." सावकारानं दातओठ खाल्ले, पण पंचांपुढं बोलतो काय! कागद फाडले. मग तुळाजी ओसरीवर पाय पसरून जेवला.

महिना गेला. सावकार पुन्हा दारी आला. येसू सवयीनं दार अडवायला धावली. तुळाजी मात्र उठून पुढं झाला, "या, आहे मी घरात."

सावकार मान खाली घालून म्हणाला, "लेकीचं लग्न ठरलंय. चुडा भरायला ये. आणि हे बघ, पैसे आत्ताच रोख घे. तुझ्यामाझ्यात उधारी पुन्हा नको, बाबा!"

येसूला हसू आवरेना.

तशी म्हातारी तुम्हां आम्हां भेटो, घरचा माणूस घरी राहो, दारावर थाप पडली की आतून ओ येवो. साठा बोलांची ही कहाणी पाचा बोलांत सांगितली, फळली, पुरी झाली.